तिसरा स्ट्राइक होऊनही बॅटर सेफ? मुलांच्या बेसबॉलमधले नियम समजावून सांगा

लेकीचा_बाबा:
मुलगी ११ वर्षांची आहे, यंदाच खेळायला लागली. कालच्या मॅचमधल्या तीन गोष्टी डोक्यातून जात नाहीयेत. समोरच्या टीमच्या पोराचा तिसरा स्ट्राइक झाला (बॉल हुकला की स्ट्राइक, तीन झाले की एरवी आउट), पण बॅटरमागे बसलेल्या कॅचरच्या हातून बॉल सुटला आणि तो चक्क पहिल्या बेसवर पळाला, अंपायर म्हणाले सेफ! मग आमच्या पोरीच्या बोटांवर बॉल बसला, ती रडकुंडीला आली, तरी स्ट्राइक दिला. शेजारचे पालक म्हणाले हात हा बॅटचाच भाग धरतात. खरंय का? आणि ते इन्फिल्ड फ्लाय काय असतं, अंपायर ओरडले आणि आमची रनर पोरं नुसती गोंधळून उभी.

जुना_कॅचर:
पहिलं बरोबरच दिलंय. तिसरा स्ट्राइक कॅचरने टप्पा पडायच्या आत नीट पकडला नाही आणि पहिला बेस रिकामा असेल, किंवा दोन आउट झालेले असतील तर बॅटर पळू शकतो. मग त्याला टॅग करायचं (हातातला बॉल अंगाला लावायचा) नाहीतर पहिल्या बेसवर थ्रो. बेस रिकामा असण्याची अट का, तर नाहीतर कॅचर मुद्दाम बॉल पाडेल, पहिल्या बेसवरच्या रनरलाही पुढे पळावं लागेल आणि एकाच्या जागी दोन आउट निघतील. एवढं मात्र आहे की लहान गटांत बऱ्याच लीग हा नियम लावतच नाहीत, म्हणून सीझनच्या आधी कोचना विचारून ठेवा.

स्कोअरशीटवाली:
हात बॅटचा भाग हे साफ चुकीचं आहे, प्रत्येक मैदानावर कोणीतरी सांगतंच. हात हा बॅटरच्या शरीराचा भाग. प्रश्न एवढाच की तिने बॅट फिरवली होती का? फिरवली असेल तर स्ट्राइक, बॉल डेड (खेळ तिथेच थांबतो), रनर आपापल्या बेसवर परत. नसेल फिरवली, बॉल स्ट्राइक झोनच्या (प्लेटवरची, साधारण छाती ते गुडघा उंचीची जागा) बाहेर होता आणि तिने चुकवायचा प्रयत्न केला असेल तर पहिला बेस तिचा.

लेकीचा_बाबा:
फिरवली होती हो. म्हणजे अंपायर बरोबर होते, मी उगाच चिडलो.

जुना_कॅचर:
इन्फिल्ड फ्लायचं कारणही तेच, मुद्दाम कॅच सोडून दोन आउट काढायची फसवणूक थांबवणं. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर (किंवा तिन्ही भरलेले), दोनपेक्षा कमी आउट, आणि इन्फिल्डर (बेसजवळचा फील्डर) सहज पकडेल असा उंच बॉल, की बॅटर तिथेच आउट, कॅच सुटला तरी. बंट (बॅट न फिरवता हलकेच टेकवलेला बॉल) आणि सरळ लाइन ड्राइव्हला हे लागू नाही. पण खेळ थांबत नाही!! रनरवर पुढे पळायची सक्ती उरत नाही, पळायचंच असेल तर आपल्या जबाबदारीवर, आणि कॅच झाला तर आधी बेसला परत टच करावं लागतं. पोरं उभी राहिली ते तसं वाईट नव्हतं.

स्कोअरशीटवाली:
एक न विचारलेलं सांगते, कारण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मुलगी पिचिंग करणार (बॅटरला बॉल टाकणार) असेल तर पिच, म्हणजे टाकलेले बॉल मोजा. लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉलची अमेरिकन संस्था) ११-१२ वयाला दिवसाला ८५, ९-१० ला ७५. ६६ किंवा जास्त टाकले की चार दिवस विश्रांती. समोरच्या बॅटरवर असताना मर्यादा गाठली तर तेवढा बॅटर संपवता येतो, बस. हात दुखतोय म्हणाली तर आकडा बघू नका, तिथेच थांबवा.

लेकीचा_बाबा:
हे तर कोणीच सांगितलं नव्हतं. पुढच्या मॅचला वही घेऊन बसतो.