अर्धशिशी आणि कोलेस्टेरॉल: दोष नारळाचा, गोळीचा की डोक्याचा?

डिचोलीची_माई
वय 41, अर्धशिशी कॉलेजपासून. आधी डोळ्यांसमोर चकाकत्या वाकड्यातिकड्या रेघा, वीसेक मिनिटांनी त्या विरतात आणि मग डावं कानशील ठणकायला लागतं. गेल्या आठवड्यात लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची चाचणी) केलं. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल 164, ट्रायग्लिसराइड ही दुसरी चरबी 218. सासूबाईंचं निदान तयार: "नारळ! मी कधीची सांगतेय." (हुमणात, म्हणजे माशाच्या कालवणात, नारळ ओतणाऱ्या त्याच.) चाचणीसाठी बारा तास उपाशी राहिले, तर रक्त देऊन बाहेर येते न येते तोच डोकं सुरू. पायलटच्या (मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे डोळे मिटून बसून घर गाठलं. अर्धशिशीसाठी वर्षभर प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेतेय. कोलेस्टेरॉलमुळे डोकं दुखतं, की डोक्याच्या गोळीमुळे कोलेस्टेरॉल वाढलं?

औषधवाला
ताई, अर्धशिशीवाल्यांत, त्यातही अशा रेघा दिसणाऱ्यांत, कोलेस्टेरॉल जास्त असल्याचं बऱ्याच अभ्यासांत आढळलंय. पण एकामुळे दुसरं होतं हे सिद्ध नाही. प्रोप्रॅनोलॉलने ट्रायग्लिसराइड थोडे वाढू शकतात, एलडीएलवर मात्र फारसा परिणाम नसतो. म्हणजे 218 मधला थोडा वाटा गोळीचा असेल, 164 चं खापर तिच्यावर नको. आणि गोळी मनानं थांबवू नका, एकदम सोडली तर बीपी उसळतं.

उपास हा अर्धशिशीचा जुना वैरी. पुढच्या वेळी उपाशी न राहता चाचणी चालेल का विचारा. युरोपातल्या तज्ज्ञांनी 2016 मध्येच त्याला मान्यता दिलीय.

मला काळजी वेगळीच वाटते. रेघांच्या अर्धशिशीत मेंदूच्या पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो. सिगारेट किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी तो आणखी वाढतो. पाळीसाठी काही घेता का?

तारले_बांगडे
सासूबाई अर्ध्या बरोबर. खोबऱ्यातल्या संपृक्त चरबीनं एलडीएल वाढतं. डोकेदुखीचं खापर मात्र खोबऱ्यावर फोडू नका.

2021 मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग आला होता: 182 अर्धशिशीवाले, 16 आठवडे. ज्यांच्या जेवणात मासळीतलं ओमेगा-3 वाढवलं आणि लिनोलेइक आम्ल (खाद्यतेलांतली एक चरबी) कमी केलं, त्यांचे डोकेदुखीचे दिवस नेहमीचं जेवण घेणाऱ्यांपेक्षा महिन्याला चारेक दिवसांनी कमी झाले. आपले बांगडे आणि तारले ओमेगा-3 चेच. फक्त रवा लावून सूर्यफुलाच्या तेलात तळलात तर लिनोलेइक परत ताटात. त्यापेक्षा तिरफळं घालून हुमण करा, खोबरं जरा हात राखून.

डिचोलीची_माई
औषधवाले भाऊ, तुमचं वाचून पोटात गोळा आला. तीन महिने पाळीच्या गोळ्या घेतेय. त्या डॉक्टरांना अर्धशिशीचं सांगितलंच नव्हतं, त्यांनीही विचारलं नाही. आत्ताच फोन करून सकाळची वेळ घेतली, गोळ्यांचं पाकीट आणि रिपोर्ट दोन्ही घेऊन जाते.

बांगड्याचं म्हणाल तर मासेमारीबंदी 31 जुलैपर्यंत. तोवर बाजारात बर्फातला, आणि भाव ऐकूनच कानशील ठणकतं.