थुलाखर्कावर गरुडांची मोजणी: थर्मलमधला थवा कसा मोजायचा?

गवतफुला
नेपाळात पोखराजवळ, कांडे गावाच्या वर थुलाखर्काला चौघे जणं जाणार आहोत, नोव्हेंबरचा पहिला आठवडा. गवताळ गरुड तिथून पूर्वेकडून पश्चिमेला जातात ते मोजायचेत. पक्षी ओळखता येतात, शिस्तीत मोजणी कुणीच केलेली नाही. एका थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेच्या खांबात, पन्नास-साठ फिरत असले तर कसे मोजायचे? हिमालयीन गिधाडं आणि घारी दिवसभर तिथेच घिरट्या घालतात, त्या धरायच्या का? दिवसाचा एकूण आकडा लिहिला की पुरे का?

कडेकपारी
घिरट्या घालणारा थवा मोजायच्या फंदात पडू नका. पक्षी एकमेकांना झाकतात, खालून नवे मिसळतात. तिघांनी मोजलं तर तीन आकडे येतात. थर्मलच्या माथ्यावर पोचले की पंख जरा आखडून ते एकामागून एक पश्चिमेला सुटतात. मोजायची ती रांग.

त्यासाठी आधी एक उत्तर-दक्षिण रेषा ठरवा: उत्तरेला डोंगराची ओळखीची सोंड, दक्षिणेला ठळक झाड किंवा टॉवर. रेषा पश्चिमेकडे ओलांडली की एक मिळवा, उलट आला की एक वजा. गिधाडांचा प्रश्न इथेच बराचसा सुटतो, कारण तिथली गिधाडं रेषेच्या अल्याड-पल्याड करतात आणि बेरीज शून्याजवळ राहते. सरळ निघून जाणारं गिधाड मात्र नोंदवा, वेगळ्या रकान्यात.

हातातलं काउंटर फक्त गवताळ गरुडासाठी, बाकी जाती वहीत. रांग दाट असेल तर दहा मोजा, त्या दहांनी व्यापलेली लांबी नजरेत धरा आणि तेवढेच टप्पे पुढे टाका. अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो. तरी मनाने वाढवू नका.

निळाई
निरभ्र दिवस फसवा. दुपारी पक्षी इतके उंच जातात की निळ्या आभाळात साध्या डोळ्याला दिसतच नाहीत; मागे पांढरा ढग असला की लगेच सापडतात. म्हणून ८ किंवा १० पट दुर्बिणीने क्षितिजापासून वर पट्ट्यापट्ट्याने आभाळ झाडा, दर पट्टा आधीच्यावर थोडा चढवून. डोक्यावरचा भाग हमखास राहतो. एकाने चटईवर उताणं पडून तेवढंच बघावं. दर अर्ध्या तासाने कामं बदला, डोळे थकले की आधी लांबचे पक्षी सुटतात.

पहिल्या वर्षाचा गवताळ गरुड पंखाखालच्या रुंद पांढऱ्या पट्ट्यामुळे लांबूनही कळतो. छातीवर रेघोट्या आणि आतल्या पिसांत फिकट पाचर दिसली तर तो शाही गरुडाचा तरुण पक्षी. घोळ होतो तो गडद प्रौढांचा. खात्री नसेल तर ‘गरुड, जात अनिश्चित’ लिहा. हा रकाना रिकामा असलेली वही बघितली की मला शंकाच येते. वयाचं प्रमाण काढताना फक्त वय ठरलेलेच पक्षी धरा.

मोजदाद
नुसत्या दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. सहा तासांत ३०० आणि दोन तासांत ३०० यात फरक आहे. दर तासाची ओळ वेगळी: सुरुवात-शेवट, किती जण बघत होते, वारा कुठून, ढग किती, दृश्यमानता, पक्षी. एकही न आलेला तासही लिहायचा. धुकं भरून दिसेनासं झालं तर तिथे शून्य नको, ‘मोजणी बंद’ लिहा.

आणि घड्याळं! नेपाळची वेळ भारतापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे. फोन आपोआप बदलतो, कॅमेरा नाही. फोटो आणि वही जुळत नाहीत ते त्यामुळे.

गवतफुला
रेषेची युक्ती पटली. हेच सह्याद्रीत अमूर ससाण्यांसाठी चालेल का?

कडेकपारी
अवघड आहे. थुलाखर्काला डोंगराच्या उतारावरची वर चढणारी हवा पक्ष्यांना एका पट्ट्यात आणते. अमूर ससाणे पंख मारत, रात्रीही उडतात आणि रुंद आघाडीने अरबी समुद्राकडे निघतात. एका कड्यावरचा आकडा पुढच्या कड्याबद्दल काहीच सांगत नाही. इकडे करायचंच असेल तर सासवडच्या माळांवर भोवत्यांची (गवताळ माळांवरचे शिकारी पक्षी, हॅरियर) रातथाऱ्यावरची, म्हणजे रात्री एकत्र बसतात त्या जागेवरची, मोजणी करा. थाऱ्याच्या चार बाजूंना चौघे, सूर्यास्ताआधी तासभर ते पूर्ण अंधार, प्रत्येकाने फक्त आपल्या बाजूने आत उतरलेले मोजायचे. गवतात शिरायचं नाही. एकदा उठवले की काही दुसरीकडे बसतात आणि आकडा गेला.