कुदळ म्युझियममध्ये ठेवायची म्हणे!

पार्लेकर_७२: काल एकाने इथे लिहिलं की पुरातत्त्ववाल्यांनी आता खणणं बंद करावं, जमिनीखालचं दाखवणारं रडार फिरवलं की सगळं स्क्रीनवर दिसतं. वाचून चहा कडू झाला. अहो, इंग्लंडात स्टोनहेंजच्या प्राचीन दगडी वर्तुळाजवळ डरिंग्टन वॉल्सला मातीचा प्रचंड बांध आहे, २०१५ ला याच रडारने त्याखाली ९० च्या आसपास दगड पुरलेत असं दाखवलं, पेपरांत केवढा गाजावाजा, आणि २०१६ ला खणलं तर दगड एक नाही, लाकडी खांबांचे खड्डे!

मीच_तो: काल लिहिणारा मीच. खड्डे आहेत हे तरी कुणी सांगितलं, कुदळीच्या स्वप्नात आले? बुजलेल्या खंदकातली माती ओल धरते, तिच्यातून करंट सहज जातो, वर सपाट शेत असलं तरी रेझिस्टिव्हिटीत, म्हणजे माती करंटला किती अडवते ते मोजलं की, खंदक उमटतो. आणि खणलं की ते कायमचं गेलं. भंडाऱ्यातल्या पवनीचा प्राचीन मातीचा तट काय खणून संपवायचाय?

पार्लेकर_७२: तिकडे इंग्लंडात खाली खडूचा दगड आहे हो. आपल्या काळ्या मातीत ओल असली की रडारचा सिग्नल वरच्या वरच मरतो, आणि जमिनीतलं चुंबकत्व मोजणारा मॅग्नेटोमीटर न्याल तर खालचा बेसाल्ट दगडच चुंबकासारखा, तो तुमच्या बारीकसारीक खंदकाला काय ऐकू येऊ देणार!

मालाडची_सुलू: रेझिस्टिव्हिटीचं नाव नका काढू. आमच्या सोसायटीत बोअरसाठी एक जण खुंट्या ठोकून मीटर लावून गेला, १८० फुटांवर पाणी म्हणाला, ३०० फूट गेलो, नुसती धूळ. शेवटी सासऱ्यांनी नारळवाला पाणाड्या आणला.

मीच_तो: झालं, आली अंधश्रद्धा!

मालाडची_सुलू: पैसे तुम्ही भरलेत का? लागलं पाणी त्याला.

मीच_तो: गोडं?

मालाडची_सुलू: ...खारट.

चाळकरी: आमच्या गल्लीत कुणी रडार फिरवा, मेट्रोच्या नावाने खणताना तीनदा केबल तोडली, दोन दिवस अंधारात आंघोळ.

पार्लेकर_७२: विषय काय, चाललंय काय! नालासोपाऱ्याचा बुरुड राजाचा कोट, म्हणजे जुना बौद्ध स्तूप, पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी १८८२ ला खणला, पोटातनं दगडी पेटी निघाली, कुठलं रडार होतं?

मीच_तो: टेकाड समोर उभं होतं, काका! आता आजूबाजूला बिल्डिंगा झाल्यात, तिथे कुदळ मारून दाखवा, सोसायटीवाले तुम्हालाच पुरतील.

पार्लेकर_७२: काका कुणाला म्हणतोस रे? बरं, आधी मशीन, मग कुदळ, झालं समाधान? पण रिपोर्टात 'सापडलं' नको, 'असावं' लिहा.

मालाडची_सुलू: खारं पाणी गोडं करायचं मशीन कुणी बसवलंय का?