कॉर्निया पातळ, नंबर साडेआठ: आयसीएल करावं का?

मदत हवी आहे. धाकटी बहीण, वय २६, दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे साडेआठ, दोन वर्षं स्थिर. सोलापुरातच तपासणी झाली. कॉर्नियाची (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) जाडी ४७५ मायक्रॉन, म्हणून लेसिकला (लेझरने कॉर्नियाला आकार देऊन नंबर घालवणं) डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं. स्कॅनआधी कॉन्टॅक्ट लेन्स दोन आठवडे बंद होत्या. केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येणं) नाही, मधुमेह नाही, पण डोळे कोरडे पडतात. यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेबाला बसते, संध्याकाळपर्यंत चष्म्यावर सुताचा धुरळा. त्यात आपला एप्रिल-मे!

आता आयसीएल सुचवलंय, म्हणजे शस्त्रक्रिया करून डोळ्याच्या आत, आयरिसमागे (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा), नैसर्गिक भिंगापुढे लेन्स बसवणं. त्यासाठी डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची (कॉर्निया आणि भिंगामधली जागा) खोली पुरेशी आहे. पुण्याला जायची तयारी आहे, पण सारख्या फेऱ्या जमणार नाहीत. चाळिशीचा चष्मा लागणारच, ते माहीत आहे.

आयसीएल केलेल्यांनी सांगा: रात्री गाडी चालवताना दिव्यांभोवती वलयं दिसतात का, आणि पहिल्या वर्षात तपासणीला किती वेळा जावं लागलं?