मदत हवी आहे: ओलं लाकूड चिरायला १४ इंची बँडसॉवर (दोन चाकांवर दातेरी पट्टा फिरवणाऱ्या करवतीवर) कोणता पट्टा?

वैनगंगाकाठ
राम राम मंडळी. मशीन १४ इंची चाकाचं, १ एचपी, सिंगल फेज, पट्टा ९३.५ इंची. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करायचे आहेत. माल म्हणजे धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) बाभूळ-कडुनिंबाच्या ओल्या फांद्या, ५-६ इंच जाड, दीड-दोन फूट लांब. उभ्या चिरून अडीच इंची फळ्या काढायच्या, मग वाळवायच्या.
सध्या ४ सुती (अर्धा इंच रुंद), इंचाला ६ दातांचा पट्टा आहे. कोरड्या सागात लोण्यासारखा चालतो. ओल्यात दोन-तीन इंच आत गेला की कट वाकडा जातो, फळी वर जाड आणि खाली पातळ निघते. भुसा दातांतच बसतो, पट्टा तापून काळा पडतो, मोटर घुमायला लागते. दुकानदार म्हणतो ६ सुती आणि जाड पट्टा घ्या. घेऊ का?

आरेवाला
नका घेऊ भाऊ. रोग रुंदीत नाही, दातांत आहे. ६ इंच जाडीत तुमचे एका वेळी ३६ दात लाकडात असतात. ओला भुसा दोन दातांमधल्या खाचेत ठासून बसतो. खाच खालून बाहेर पडायच्या आधीच भरली की पुढे दात कापत नाही, नुसता घासतो. म्हणून पट्टा तापतो, आणि तापला की ढिला पडून वळतो. कट वाकडा जातो तो इथे.
घ्यायचा तो असा: ४ सुतीच, इंचाला ३ दात, हुक दात (पुढे झुकलेला, साधारण १० अंश), जाडी ०.६ मिमीच्या आसपास. १४ इंची चाकाला ०.९ मिमीचा पट्टा लावला तर प्रत्येक फेऱ्यात इतका वाकतो की जॉइंटजवळ तडा जातोच. ६ सुतीला लागणारा ताणही या मशीनची स्प्रिंग देऊ शकत नाही. काटा शेवटच्या खुणेवर जाईल, पट्टा मात्र ढिलाच राहील.
दुसरं, दातांचं सेटिंग. ओले तंतू कापल्यावर पुन्हा फुलतात आणि पट्ट्याला दोन्हीकडून धरतात. म्हणून दात दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिमी फाकलेले हवेत, म्हणजे चीर दीड मिमीच्या वर पडते. कोरड्या लाकडाचे पट्टे बहुतेक १ मिमीच्या जवळपास चीर पाडतात. दुकानात व्हर्नियरने दातांच्या टोकावरून माप घ्या, पाकिटावरच्या चित्रावर जाऊ नका.

सूतभर
वरच्याशी सहमत. एक भर: खाच खोल असते, तेव्हा बाजूचे गाइड (पट्ट्याला दोन्हीकडून आधार देणारे) खाचेच्या मागे ठेवा, नाहीतर सेटिंग पहिल्याच मिनिटात चेपलं जातं. मागचं बेअरिंग पट्ट्याला कागदभर अंतरावर. वरचा गाइड लाकडापासून अर्ध्या इंचावर. गोल फांदी हाताने धरून उभी चिरू नका. ती गरकन फिरते, पट्टा मोडतो आणि हात आत जातो. एल आकाराची फळी करा, फांदी तिला दोन स्क्रूने पक्की करा (स्क्रू कटाच्या रेषेपासून लांब), पहिली सपाट बाजू निघाली की तीच टेबलावर.

वैनगंगाकाठ
बायमेटल (दोन प्रकारचं पोलाद जोडून केलेला) पट्टा घेऊ की साधा कार्बन पोलादाचा? आणि पाणी मारलं तर चालतं का? कोणी डिझेल सांगतं.

कोरडाओला
धुऱ्यावरचं लाकूड असेल तर कार्बनच. बाभळीत काटेरी तार, यू खिळे झाडाने केव्हाच गिळलेले असतात. बायमेटल असो की कार्बन, तारेला लागला की दात गेले. कार्बन निदान स्वस्त, आणि कानसीने दात पुन्हा काढता येतात. फांदीच्या टोकाच्या कापात निळा-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे समजा, तेवढा तुकडा बाजूला. सालीत काळी माती अडकलेली असते, ती तारेखालोखाल पट्ट्याची धार खाते. कटाच्या रेषेवरची साल कोयत्याने उतरवून घ्या, मगच मशीनवर.
डिझेल नको बाप्पा! लेकरांच्या हातात जाणारे बैल आहेत, शिवाय चाकाचं रबर फुगतं. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थेंब टाकून फवाऱ्याने पट्ट्यावर मारा. खालच्या चाकाला टेकेल असा नायलॉनचा ब्रश बसवा, नाहीतर रबरावर ओल्या भुशाचा थर चढून पट्टा नाचतो. काम संपलं की ताण सोडा आणि टेबल कोरडं पुसा. बाभळीत टॅनिन भरपूर, ओलं लोखंड लागलं की फळीवर शाईसारखे डाग पडतात. डिंक चढलेला पट्टा गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून धुवा, पुसून वाळवा.

आरेवाला
व्होल्टेजही बघा. खेड्यावर संध्याकाळी १८० पर्यंत उतरतं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे २३० च्या मानाने ६० टक्केच उरतो. १ एचपीवर ६ इंच ओली बाभूळ सकाळीच चिरा. बोर्डापासून लांब असेल तर २.५ चौरस मिमी तांब्याची वायर. लोटू नका, मोटरचा आवाज बसला की हात सैल करा. नवा पट्टा सुरुवातीला निम्म्या वेगाने सारा.

सूतभर
बैलाचा आकार याच पट्ट्याने कापायला जाऊ नका. ४ सुती पट्टा अडीच इंच त्रिज्येच्या आत वळत नाही. वशिंड, शिंगं, पाय यांना २ सुती, इंचाला ६ दात, तोही फळी वाळल्यावर. चिरताना गाभा फळीत ठेवू नका, तिथूनच फाटते. टोकांना लगेच मेण किंवा जुना ऑइलपेंट, मधे काड्या ठेवून सावलीत थप्पी. आपल्याकडचं ऊन लागलं तर फळी फुटलीच. श्रावणात माल हवा असेल तर चिराण हिवाळ्यातच उरकावं लागतं.
आणि आंबा, मोह, चिंच, साग ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत, परवानगीशिवाय हात लावू नका. लोकांचे ओंडके धंदा म्हणून चिरायचे झाले तर आधी वनखात्याच्या परवान्याची चौकशी करा.

वैनगंगाकाठ
४ सुती, ३ दात, हुक, ०.६ चा कार्बन सांगतो मग. २ सुतीचा नंतर. वेल्डिंगचा जॉइंट घेताना काय तपासू?

आरेवाला
जॉइंटवरून बोट फिरवा, मागची कड एका रेषेत हवी, पायरी नको. पट्टा हळूच वाकवून बघा, गोलाई सगळीकडे सारखी आली पाहिजे. जॉइंटपाशी कोन पडत असेल तर वेल्डिंगनंतर पोलादाचं पाणी (कडकपणा) नीट उतरवलेलं नाही, परत करा. आणि जॉइंटच्या दोन्ही बाजूंच्या दातांमधलं अंतर मोजा.