मदत हवी आहे: १७ जून १९४०, 'लँकास्ट्रिया' जहाज आणि सासूबाईंचे वडील

नमस्कार मंडळी,

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लष्करी नोंदी चाळलेल्या कुणाची तरी मदत हवी आहे. माझं सासर इंग्रज. सासूबाईंचे वडील पायोनियर कोअरमध्ये (ब्रिटिश लष्कराचं मजुरीची कामं करणारं दल) साधे शिपाई होते आणि १९४० मध्ये फ्रान्समध्ये बेपत्ता झाले. सासूबाई तेव्हा तान्ह्या होत्या. आता त्या थकल्या आहेत. वडील कुठे गेले हे त्यांच्या हयातीत त्यांना सांगता यावं, एवढीच धडपड आहे.

घरात सगळे समजत आले की ते फ्रान्समधल्या डंकर्क बंदरात मारले गेले, कारण तिथल्या स्मारकावर त्यांचं नाव आहे. पण नोंदीत तारीख आहे १७ जून १९४०. डंकर्कहून ब्रिटिश सैन्याची समुद्रमार्गे माघार तर ४ जूनलाच संपली होती! मग कळलं की १९३९-४० च्या ब्रिटिश सैन्याच्या त्या मोहिमेत ज्यांची कबर सापडली नाही, त्या सैनिकांची नावं याच स्मारकावर कोरली आहेत, मृत्यू कुठे का झाला असेना.

डंकर्कनंतरही लाखाहून जास्त ब्रिटिश सैनिक फ्रान्समध्ये मागे होते. त्यांना शेरबर्ग, ब्रेस्ट, सेंट नाझेर अशा बंदरांतून काढलं गेलं. १७ जूनला 'लँकास्ट्रिया' हे प्रवासी जहाज सेंट नाझेरसमोर, ल्वार नदीच्या मुखाशी नांगरून उभं होतं. छोट्या बोटींतून माणसं येत होती आणि क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त चढवली जात होती. दुपारी पावणेचारच्या सुमारास जर्मन विमानांचे बॉम्ब पडले आणि वीसेक मिनिटांत जहाज बुडालं. पाण्यावर इंधन तेलाचा थर पसरला होता. सुमारे अडीच हजार वाचले. मृतांचा आकडा कुणी तीन-चार हजार सांगतं, कुणी त्याहून बराच जास्त, कारण चढलेल्या सगळ्यांची मोजणीच झाली नव्हती. पंतप्रधान चर्चिलनी बातमी दाबली, ती फुटली जुलैच्या अखेरीस. सासूबाईंच्या आईला फक्त 'बेपत्ता' अशी तार आली, तिला या जहाजाचं नावही कधी कुणी सांगितलं नाही. मला याचा फार राग येतो.

तरीही नुसत्या तारखेवरून ते याच जहाजावर होते असं मी सासूबाईंना सांगणार नाही. हाताशी एकच धागा आहे, त्यांच्या एका सोबत्याचं नंतरचं पत्र. १६ तारखेला दोघं सेंट नाझेरच्या धक्क्याकडे चालत निघाले आणि गर्दीत चुकामूक झाली, एवढंच त्यात आहे. कंपनीचा नंबर कुठेच नाही, वडिलांचा सेवा क्रमांक मात्र आहे.

सेवा क्रमांकावरून पायोनियर कोअरची कंपनी शोधता येते का? ती कळली तर लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात तिची १९४० ची युद्धदैनंदिनी (तुकडीची रोजची नोंदवही) मागवता येईल. तिथेच लष्कराच्या जखमी-मृत-बेपत्ता सैनिकांच्या याद्याही आहेत. 'बेपत्ता'चं 'मृत' कधी आणि कशाच्या आधारावर केलं, हे त्यांत दिसतं, की त्यासाठी सेवापुस्तिकाच काढावी लागते? या पुस्तिका सध्या संरक्षण मंत्रालयाकडून अभिलेखागाराकडे हलवल्या जात आहेत, त्यामुळे अर्ज कुठे करायचा यातच मी गोंधळले आहे. वाचलेल्यांचे जबाब सेवापुस्तिकेत जोडलेले कुणी पाहिलेत का?

आणखी एक. त्या उन्हाळ्यात प्रेतं किनाऱ्याला लागत राहिली. गावकऱ्यांनी ती पुरली. पोर्निक, एस्कुब्लाक अशा ठिकाणी या सैनिकांच्या कबरी आहेत आणि काहींवर नाव नाही. दफनाच्या मूळ नोंदी, म्हणजे सापडलेल्या वस्तू, बिल्ले वगैरे, तिथल्या नगरपालिकांकडे मागता येतात का? फ्रेंच येणारं कुणी पत्र लिहायला मदत करेल का?

('लँकास्ट्रिया'च्या फाइली २०४० पर्यंत बंद असल्याचे दुवे कृपया देऊ नका. अशी कुठलीही फाइल दडवलेली नाही, असं ब्रिटिश सरकारने सांगितलं आहे.)

क्यूला मी स्वतः जाऊ शकते. तिथे आधी काय मागवायचं, तेवढं सांगा.