७३ वर्षांच्या आईसाठी मांजर: पर्शियन घ्यावं की देशी?

वेदवती
आई नागपूरला एकटी राहते, वय ७३. दोन्ही गुडघे बदललेले आहेत. घरात काठीशिवाय चालते, पण खाली बसणं किंवा वाकणं जमत नाही. रक्त पातळ करणारी गोळी रोज चालू आहे. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. उन्हाळ्यात हॉलमध्ये कूलर, एसी फक्त बेडरूमला. कामाच्या मावशी रोज सकाळी येतात. आईला मांजरांची आवड आणि सवय दोन्ही आहे, आता सोबतीला एखादं हवं म्हणते. भाऊ पेट शॉपमधलं दोन महिन्यांचं पर्शियन पिल्लू आणायच्या विचारात आहे, कारण ती जात शांत असते म्हणे. कुणी ब्रिटिश शॉर्टहेअर सुचवतं, कुणी स्कॉटिश फोल्ड. कोणती जात योग्य ठरेल? घरात मांसाहार शिजत नाही, त्याचं काय करायचं?

रानवारा
वेदवतीताई, जातीआधी वय ठरवा. दोन महिन्यांचं पिल्लू कुठल्याही जातीचं असलं तरी पुढचं वर्ष-दीड वर्ष पायात धावणार, पडद्यावर चढणार आणि खेळता खेळता हात चावणार. गुडघे बदललेल्या आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या माणसासाठी हे दोन्ही धोके खरे आहेत: पडणं, आणि लवकर न थांबणारं रक्त. मांजराचा स्वभाव साधारण दोन वर्षांनंतर स्थिर होतो. म्हणून ४ ते ७ वर्षांचं, नसबंदी झालेलं मांजर बघा.

आता जातींबद्दल. पर्शियन शांत असते हे खरं. पण तिचे केस रोज १०-१५ मिनिटं स्टीलच्या कंगव्याने मुळापासून विंचरावे लागतात, विशेषतः काखेत, पोटाखाली आणि मागच्या पायांच्या आतल्या बाजूला. तीन-चार दिवस राहिलं की जटा होतात, त्या कातडी ओढतात, आणि मग मांजर कुणाला हात लावू देत नाही. शेवटी दवाखान्यात गुंगीचं औषध देऊन केस काढावे लागतात. डोळ्यांतून पाणी येतं, ते रोज पुसायचं. आखूड नाकामुळे धापा टाकून अंग थंड करणं तिला नीट जमत नाही. नागपूरच्या मे महिन्यात, त्यात दुपारी वीज गेली तर, हे थेट जिवावर बेतू शकतं. शिवाय पर्शियनमध्ये मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. आईबापांपैकी एकात दोष असला तरी साधारण निम्म्या पिल्लांत उतरतो आणि लक्षणं बहुतेकदा सातेक वर्षांच्या वयात दिसतात. गालाच्या आतल्या बाजूचा नमुना घेऊन जनुक चाचणी होते, पण पेट शॉपवाले ती सहसा करून देत नाहीत.

स्कॉटिश फोल्ड अजिबात घेऊ नका. ज्या दोषामुळे तिचे कान दुमडतात तो फक्त कानापुरता नसतो, सगळ्या शरीराच्या कूर्चेत असतो. शेपटी आणि पाय आखडतात, सांधे दुखतात. असं मांजर शांत बसलेलं दिसतं त्यामागे पुष्कळदा वेदना असते. ही पैदास थांबायला हवी असं माझं ठाम मत आहे.

ब्रिटिश शॉर्टहेअर स्वभावाने उत्तम: संथ, कमी बोलणारी, दंगा न करणारी. मांडीत मात्र फारशी येत नाही, शेजारी बसते. बोके ६-७ किलोचे सहज होतात, ते आईंना उचलता येणार नाहीत. सयामी दिवसभर ओरडून लक्ष मागते, बेंगाल घर डोक्यावर घेते, दोन्ही नकोत.

माझी निवड: देशी मांजरी, ४-६ वर्षांची, ३ ते ४ किलोची, नसबंदी आणि लसीकरण झालेली. आखूड केसांना आठवड्यातून एकदा ब्रश पुरतो आणि उन्हाळा तिला मानवतो.

बोका टाळा म्हणतोय त्याचं एक वेगळं कारण आहे. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. खडे किंवा चिकट गाळ अडकला की लघवी पूर्ण बंद होते आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. शी-शूच्या ट्रेमध्ये कुंथणारा बोका बघून घरच्यांना वाटतं पोट साफ होत नाहीये, आणि तोच वेळ हातातून जातो. मांजरीत हे फार क्वचित होतं.

सातपुडा
रानवारांशी बहुतेक सहमत, पण पर्शियनला सरसकट नाही म्हणणार नाही. घरं बदलताना लोकांनी सोडून दिलेली, पाच-सहा वर्षांची पर्शियन किंवा अर्धपर्शियन मांजरं दत्तक द्यायला असतात. त्यातली चपट्या चेहऱ्याची सोडून नाक नीट दिसणारी, म्हणजे दुकानदार 'डॉल फेस' म्हणतात ती, श्वासाच्या दृष्टीने बरी. दर दोन-तीन महिन्यांनी केस एक इंचापर्यंत कापून घेतले तर विंचरण्याचं काम पुष्कळ कमी होतं. अगदी कातडीपर्यंत मात्र काढू नयेत. मावशी आठवड्यातून तीनदा कंगवा फिरवायला तयार असतील आणि एसीची खोली दिवसभर उघडी राहणार असेल, तरच हा विचार करा. मूत्रपिंडासाठी आधी सोनोग्राफी करून घ्या.

मांजर निवडताना फोटोवर जाऊ नका. ज्यांच्याकडे ते सांभाळायला आहे त्यांच्या घरी आईंना घेऊन जा. आईंनी खुर्चीत बसावं, बोट मांजराच्या नाकाच्या उंचीला धरावं आणि ते स्वतःहून येतं का बघावं. मग सांभाळणाऱ्यांना ते उचलायला सांगा: अर्धा मिनिट अंग सैल ठेवून राहिलं तर चांगलं. पंजे दाबून नखं बाहेर काढू देतं का, भांडं पडल्याच्या आवाजानंतर किती वेळात सावरतं, हेही बघा. पोटाला हात लावल्यावर चावणारं मांजर कितीही देखणं असलं तरी या घरासाठी नको. एफआयव्ही आणि एफईएलव्ही या मांजरांची प्रतिकारशक्ती खचवणाऱ्या दोन विषाणूंची रक्तचाचणी झाली आहे का ते विचारा.

रंगालाही महत्त्व आहे. संध्याकाळच्या अंधुक उजेडात काळं किंवा करडं मांजर गडद फरशीवर दिसत नाही. पांढरं किंवा पांढऱ्यावर ठिपके असलेलं असेल तर बरं.

वेदवती
दोघांचेही आभार. देशी मांजरीवर भावाचंही मन वळतंय. तीन शंका: वाकता येत नसताना ट्रे कसा साफ करायचा? मांजर पायात आलं तर? आणि दूध-पोळीवर भागेल का? आई तेच म्हणतेय.

मायमाऊ
दूध-पोळीवर भागणार नाही. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य आहारातून मिळावंच लागतं आणि ते मांस-मासळीतच असतं. ते कमी पडलं की हृदयाचे स्नायू सैल पडतात आणि दृष्टी जाते. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. घरात मांसाहार शिजवायची मात्र गरज नाही. मोठ्या मांजरांसाठीचं कोरडं तयार खाणं, ज्याच्या पिशवीवर 'संपूर्ण आहार' लिहिलेलं असतं, ते ४ किलोच्या मांजरीला दिवसाला सुमारे ५०-६० ग्रॅम, दोन-तीन वेळांत विभागून द्या. एकदा वजन करून घ्या आणि वाटीला खूण करून ठेवा, कारण प्रेमापोटी वाटी भरत जाते आणि वर्षभरात मांजर जड होतं. ओलं पाऊच चालणार असेल तर उत्तम, पाणी पोटात जातं. मग कोरडं तेवढं कमी करा. पाण्याची भांडी दोन, जेवणापासून लांब.

ट्रे जमिनीवर ठेवायचा हा नियम नाही. बाथरूमच्या बाहेर न डगमगणाऱ्या, गुडघ्याएवढ्या उंचीच्या बाकावर ठेवा, मांजर सहज उडी मारतं. ट्रे मांजराच्या दीडपट लांब हवा, त्यातलं लिटर (ट्रेमध्ये पसरायची वाळू किंवा दाणे) ५-६ सेंटिमीटर खोल. ओलं झालं की गोळे होणारं बेंटोनाइट मातीचं लिटर चांगलं, पण पिशवी जड असते. ती मावशींकडून छोट्या डब्यांत भरून घ्या. सोयाबीनच्या चोथ्याचं टोफू लिटर हलकं असतं, धूळही कमी. रोज एकदा गोळे काढायचेच, हातमोजे घालून. टोक्सोप्लाझ्मा (मांजराच्या विष्ठेतून माणसाला लागू शकणारा परजीवी) असलाच तर विष्ठेतली त्याची अंडी संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो, त्याआधी घाण बाहेर गेलेली बरी. कच्चं मांस देऊ नका.

पायात येण्याची वेळ ठरलेली असते: सकाळी उठल्यावर आणि वाटी हातात असताना. म्हणून जेवण ओट्याजवळ नको. वाटी टेबलावर भरून ठेवायची, आईंनी आधी खुर्चीत बसायचं, मग शेजारच्या स्टुलावर वाटी. ठरावीक वेळी खाणं देणारं यंत्र लावलं तर पहाटेचा गोंधळच संपतो. ओढ बसताच आपोआप सुटणारा, घुंगरू असलेला पट्टा घाला. बेडरूम ते बाथरूम वाटेवर हालचालीने लागणारे दिवे बसवा.

आता घरातले धोके. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एक गोळीसुद्धा जीव घेते. आईंच्या गोळ्या हातातून निसटून फरशीवर पडणार हे धरून चाला. ताटात घेऊन मगच घ्यायच्या. फिनाईलने पुसलेल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटतं, त्यामुळे फिनाईल बंद. लिलीची फुलं घरात नकोत, परागसुद्धा मूत्रपिंड निकामी करतात. कुत्र्यांचं गोचीड-पिसवांचं औषध मांजराला लावू नका, त्यातलं परमेथ्रिन घातक असतं.

आणि कूलर! कूलर चालवताना समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते आणि मांजर नेमकं तिथूनच जातं. त्या खिडकीला आणि बाल्कनीला स्टीलची जाळी लावून घ्या. कबुतरांची पातळ नायलॉन जाळी मांजर दातांनी तोडतं. कूलरच्या कडेची फटही बंद करा.

सातपुडा
दोन गोष्टी राहिल्या. ओरखड्याला साबण आणि वाहतं पाणी. चावा असेल तर १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं नाव सांगा. मांजराचे दात बारीक आणि खोल जातात. वरून टाचणीएवढं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी हात सुजतो. घरातल्याच मांजरालाही दरवर्षी रेबीजची लस हवी, तिच्यासोबत तिहेरी लस डॉक्टर सांगतील तशी. नखं दर दोन-तीन आठवड्यांनी कापून घ्या.

मांजरं १५ वर्षं सहज जगतात. तेव्हा आई दवाखान्यात दाखल झाल्या तर मांजर कुणाकडे जाईल, ते तुम्ही आणि भावाने आत्ताच ठरवा आणि दत्तक देणाऱ्यांनाही सांगा. मांजराला दवाखान्यात न्यायचा पिंजरा वरून उघडणारा घ्या. समोरून उघडणाऱ्यात मांजर घालायला वाकावं लागतं. तो कपाटात न ठेवता हॉलमध्ये आत चादर घालून कायम उघडा ठेवा. पिंजरा आणि मांजर मिळून साडेपाच-सहा किलो होतात, ते आईंनी जिन्यावरून उतरवू नये. घरी येणाऱ्या पशुवैद्यांचा नंबर मांजर आणण्याआधीच शोधून फ्रिजवर लावा.